एक अपेंडिक्स, सहा बिलं

बुटांचं खोकं घेऊन वहिनी माझ्याकडे आल्या तेव्हा ऑपरेशनला सात आठवडे होऊन गेले होते. खोक्यात पाकिटं होती. काही फोडलेली, काही नुसती तारीख बघून परत ठेवलेली, आणि तीन-चार लाल पट्टीची. त्यांनी ती टेबलावर ओतली आणि म्हणाल्या, "ताई, आमच्याकडे इन्शुरन्स आहे ना? मग हे काय आलंय?"

मी डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहते आणि डॉक्टरांच्या एका ग्रुपसाठी मेडिकल बिलिंग करते. म्हणजे अशी पाकिटं पाठवणाऱ्यांच्या बाजूला माझी खुर्ची. म्हणूनच ओळखीतले लोक खोकी घेऊन माझ्याकडे येतात. त्यातलं हे एक प्रकरण सविस्तर मांडते आहे, कारण 'सरप्राइज बिल' नावाच्या भानगडीचे जवळजवळ सगळे नमुने या एका अपेंडिक्समध्ये सापडतात. घराची ओळख लपवली आहे आणि हिशोब डोळ्यांसमोर यावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

ऑक्टोबर २०२४. शुक्रवारची रात्र उलटून गेली होती. वहिनींच्या पोटात संध्याकाळपासून दुखत होतं, दीडच्या सुमाराला उलट्या सुरू झाल्या. घरापासून चार मिनिटांवर, किराणा दुकानांच्या रांगेत, लाल दिव्यांची 'इमर्जन्सी' अशी पाटी असलेली एक जागा आहे. हॉस्पिटल नाही, नुसती इमर्जन्सी रूम. टेक्ससमध्ये अशा जागांना २००९ च्या कायद्यानंतर वेगळा परवाना मिळू लागला आणि आज कोणत्याही उपनगरात एखादी तरी दिसतेच. भाऊंनी काउंटरवर कार्ड दाखवून विचारलं, "आमचा इन्शुरन्स चालतो का?" उत्तर आलं, "आम्ही सगळ्या कंपन्यांना बिल पाठवतो."

हे वाक्य नीट ऐका. बिल पाठवणं आणि नेटवर्कमध्ये असणं, म्हणजे इन्शुरन्स कंपनीशी दरांचा करार असणं, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बिल तर मीही कुणालाही पाठवू शकते. टेक्ससच्या २०१९ च्या कायद्याने नेटवर्कबाहेरच्या अशा जागांना 'आम्ही तुमचा इन्शुरन्स घेतो' असं म्हणायला बंदी केली, तेव्हापासून काउंटरवरची भाषा अशी घोटून गुळगुळीत झाली आहे. बाई खोटं बोलली नाही. पण रात्री दीड वाजता बायकोला धरून उभ्या असलेल्या माणसाला जे ऐकायचं होतं तेच त्याला ऐकू आलं.

सीटी स्कॅन झाला. अपेंडिक्स सुजलेलं होतं, फुटलं नव्हतं. तिथे ऑपरेशनची सोय नाही, म्हणून अँब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलमध्ये हलवलं. ते हॉस्पिटल नेटवर्कमधलं होतं. भाऊंनी तेवढ्यात फोनवर तपासून घेतलं आणि त्यांना हायसं वाटलं. सकाळी सात वाजता दुर्बिणीतून ऑपरेशन, रविवारी दुपारी घरी. वैद्यकीय बाजूने सगळं उत्तम.

मग बिलं आली, सहा ठिकाणांहून. इमर्जन्सी रूम ११,४०० डॉलर, अँब्युलन्स २,९००, हॉस्पिटल, सर्जन, भूलतज्ज्ञ ३,६००, आणि सहावं असिस्टंट सर्जनचं ६,८००. या सहाव्या डॉक्टरचं नाव वहिनींनी जन्मात ऐकलेलं नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी त्या शुद्धीत नव्हत्या, त्यामुळे चेहरा पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

अमेरिकेत हॉस्पिटल म्हणजे एक संस्था असं आपण धरून चालतो, आणि तिथेच फसतो. इमारत एकाची, भूल देणारे दुसऱ्या कंपनीचे, एक्स-रे वाचणारे तिसरीचे. इमारतीचा इन्शुरन्सशी करार असतो, आतल्या सगळ्यांचा असतोच असं नाही. आरोग्य खर्चाचा अभ्यास करणाऱ्या पीटरसन-केएफएफच्या विश्लेषणात २०१७ साली मोठ्या कंपन्यांच्या प्लॅनमधल्या लोकांच्या इमर्जन्सी भेटींपैकी १८ टक्क्यांत आणि नेटवर्कमधल्याच हॉस्पिटलात भरती झालेल्यांपैकी १६ टक्क्यांत किमान एक बिल नेटवर्कबाहेरचं निघालं होतं. करार नसलेला डॉक्टर मनाला येईल तो दर लावणार, इन्शुरन्स त्याला वाटेल तेवढं देणार, आणि मधली दरी पेशंटच्या दारात. याला बॅलन्स बिलिंग म्हणतात.

न्यू यॉर्कने २०१५ पासून, कॅलिफोर्नियाने २०१७ पासून, टेक्ससने २०२० पासून यावर आपापले कायदे लागू केले. पण त्यांत एक मोठं भोक होतं, आणि वहिनींचं घर बरोबर त्याच भोकात बसत होतं. मी त्यांचं इन्शुरन्स कार्ड उलटसुलट करून पाहिलं. टेक्ससच्या अखत्यारीतल्या प्लॅनच्या कार्डावर 'टीडीआय' किंवा 'डीओआय' (राज्याच्या इन्शुरन्स खात्याची आद्याक्षरं) अशी अक्षरं असतात. इथे नव्हती. म्हणजे प्लॅन सेल्फ-फंडेड: कार्डावर नाव नामांकित इन्शुरन्स कंपनीचं, पण ती फक्त कारकुनी करते. क्लेमचे पैसे भाऊंची कंपनी स्वतःच्या खिशातून देते. अशा प्लॅनना १९७४ च्या एरिसा या केंद्रीय कायद्यामुळे राज्याचे इन्शुरन्सचे नियम लागत नाहीत. आयटीतल्या आपल्या बहुतेक लोकांचे प्लॅन याच जातीचे असतात आणि बहुतेकांना ते माहीत नसतं.

हे भोक बुजवलं केंद्राच्या 'नो सरप्राइजेस अ‍ॅक्ट'ने. २७ डिसेंबर २०२० ला सही झाली, १ जानेवारी २०२२ पासून अंमल. इमर्जन्सी उपचार कुठेही घेतले, अगदी त्या लाल दिव्याच्या खोलीतसुद्धा, तरी पेशंटचा वाटा नेटवर्कमधल्यासारखाच. नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात नेटवर्कबाहेरच्या माणसाने हात लावला तरी तेच. हवाई अँब्युलन्सलाही तेच. वाटा काढताना डॉक्टरने लावलेला दर धरायचा नाही. राज्याचा कायदा किंवा तसाच दुसरा ठराव लागू नसेल, तर त्या भागात प्लॅनने बाकीच्यांशी केलेल्या करारांचा मधला दर धरायचा. तो २०१९ च्या करारांवरून काढून महागाईप्रमाणे वाढवत नेतात. आमच्या भाषेत त्याला क्यूपीए म्हणतात. राहिलेल्या पैशांसाठी डॉक्टर आणि इन्शुरन्सने आपसात भांडावं, पेशंटला मध्ये ओढायचं नाही.

कायदा इतका स्पष्ट आहे, मग वहिनींच्या टेबलावर लाल पट्ट्या का?

त्याचं उत्तर खोक्याच्या तळाशी होतं. मी आधी बिलं बाजूला सारली आणि ईओबी शोधल्या. ही इन्शुरन्सकडून येणारी हिशोबाची कागदं, ज्यांच्या डोक्यावर 'हे बिल नाही' असं छापलेलं असतं आणि त्याच कारणाने लोक ती फेकून देतात. माझ्या मते खरा कागद तोच. बिल म्हणजे समोरच्याची मागणी. ईओबी म्हणजे तुमच्यावर खरंच किती बसतं याची नोंद.

इमर्जन्सी रूमच्या ईओबीवर मंजूर दर ३,००० डॉलर होता, आणि पुढे 'तुमचा वाटा ३,०००'. घराचा नेटवर्कमधला डिडक्टिबल, म्हणजे वर्षात आधी स्वतः भरायची रक्कम, २,००० आणि त्यानंतर २० टक्के को-इन्शुरन्स, म्हणजे पुढच्या मंजूर खर्चातला आपला हिस्सा. नेटवर्कबाहेरचा डिडक्टिबल ५,०००. हिशोब जुळवला तर लगेच कळतं की कारकुनाने, खरं तर कारकुनाच्या सॉफ्टवेअरने, क्लेम नेटवर्कबाहेरचा म्हणून टाकला होता. इमर्जन्सीच्या क्लेमला हे चालत नाही. वाटा असायला हवा होता पहिले २,००० आणि उरलेल्या १,००० चे २० टक्के, म्हणजे २,२००. इन्शुरन्सने एक पैही दिली नव्हती, म्हणून इमर्जन्सी रूमने पूर्ण ११,४०० चं बिल वहिनींच्या नावाने काढलं.

गंमत पुढे आहे. डिडक्टिबल इथे वळता झाला नाही म्हणून तो हॉस्पिटलच्या १२,००० च्या क्लेमवर लागला आणि तिथला वाटा ४,००० निघाला. भाऊ सज्जन माणूस. बिल आल्या दिवशी कार्डाने ४,००० भरून मोकळे झाले. "बाकी ठेवायची सवय नाही हो," असं ते म्हणाले तेव्हा मला काय बोलावं सुचेना. या देशात पहिल्या बिलावर पैसे भरणं ही शिस्त नव्हे, घाई आहे.

प्लॅनकडे लेखी अपील केलं. अपिलाला ईओबी आल्यापासून १८० दिवस असतात. भाऊंनी लिहिलं तेवढंच: उपचार इमर्जन्सी होते, नो सरप्राइजेस अ‍ॅक्टप्रमाणे नेटवर्कमधला वाटा लावून क्लेम पुन्हा काढा. पाच आठवड्यांनी नवी ईओबी आली. वाटा २,२००, प्लॅनने दिले ८००. त्याबरोबर हॉस्पिटलचा क्लेमही पुन्हा निघाला आणि ४,००० चे २,४०० झाले. जादा भरलेले १,६०० हॉस्पिटलकडून परत यायला चार महिने आणि सहा फोन लागले.

इमर्जन्सी रूमने मात्र नवं बिल पाठवलं: ११,४०० वजा ८००, बाकी १०,६००. यात दरवेळी दुष्टपणा असतो असं मी म्हणणार नाही. मी स्वतः ते सॉफ्टवेअर चालवते. आलेली रक्कम वजा होते आणि उरलेली आपोआप पेशंटच्या खात्यावर पडते. कुणीतरी मुद्दाम थांबवल्याशिवाय पत्र छापून निघतंच. वहिनींनी बिलाबरोबर नवी ईओबी जोडून पत्र पाठवलं, २,२०० देण्याची तयारी लिहिली आणि ८,४०० ही बॅलन्स बिलिंगची रक्कम असल्याने देणं लागत नाही असंही लिहिलं. तीन आठवड्यांत खातं दुरुस्त झालं. मग त्या जागेने प्लॅनशी लवाद केला की नाही, हे आम्हाला कळलं नाही आणि कळायची गरजही नव्हती. लवादात डॉक्टर कितीही जिंकला तरी पेशंटचा वाटा हलत नाही.

त्या लवादाची कथा वेगळीच आहे. दोन्ही बाजूंनी एकेक आकडा द्यायचा आणि लवादाने त्यातला एक उचलायचा, मधला काढायचा नाही, अशी पद्धत. सरकारला वाटलं होतं वर्षाला २२ हजारांच्या आसपास तंटे येतील. एप्रिल २०२२ ते जून २०२३ मध्ये जवळजवळ ४ लाख ९० हजार आले. टेक्सस मेडिकल असोसिएशनने नियमांवर एकामागून एक दावे लावले आणि टेक्ससमधल्या टायलर शहराच्या केंद्रीय कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये पहिलाच निकाल त्यांच्या बाजूने दिला. या सगळ्याचा भार शेवटी प्रीमियमवर येतो का, हा प्रश्न रास्त आहे. पण वहिनींच्या टेबलावर तो नव्हता.

भूलतज्ज्ञाचं बिल सोपं निघालं. मंजूर दर ९००, वाटा १८०, बाकीचे २,७०० एका फोनमध्ये गेले. सर्जन नेटवर्कमधला, त्याचे ३०० झाले.

खरी झुंज सहाव्या बिलाची. असिस्टंट सर्जनचा मंजूर दर ४००, वहिनींचा वाटा ८०, आणि मागणी ६,८०० ची. फोन स्पीकरवर ठेवून मी शेजारी बसले. पलीकडची बाई अगदी शांतपणे म्हणाली, "मॅम, पेशंटने सही केली आहे. नेटवर्कबाहेरचे दर मान्य असल्याचा फॉर्म आमच्याकडे आहे."

वहिनींचा चेहरा उतरला. "केली असेन मी," त्या हळूच म्हणाल्या. "स्ट्रेचरवर होते. टॅब्लेट धरला होता समोर. बोटाने गिरवलं काहीतरी. किती पानं होती तेही माहीत नाही."

आम्ही तो फॉर्म मागवला. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांची वेळ, ऑपरेशन सातला. भरतीच्या कागदांच्या गठ्ठ्यातलं अकरावं पान, अंदाजे खर्चाचा रकाना कोरा.

कायद्यात अशा सहीला जागा आहे, पण ती ठरलेल्या उपचारांसाठी. ७२ तास आधी नोटीस द्यायची, अपॉइंटमेंटच त्याहून जवळची असेल तर ती ठरली त्याच दिवशी, आणि उपचारही त्याच दिवशी असतील तर किमान तीन तास आधी. नोटीस बाकीच्या कागदांपासून वेगळी हवी, तीत अंदाजे रक्कम हवी. आणि मुख्य म्हणजे काही सेवांसाठी ही सही घेताच येत नाही: भूल, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी, नवजात बाळांचे डॉक्टर, हॉस्पिटलिस्ट (भरती पेशंट बघणारे हॉस्पिटलातले डॉक्टर), असिस्टंट सर्जन. कारण उघड आहे. या लोकांना पेशंट निवडत नाही. वहिनींनी शुद्धीत, चष्मा लावून, सात दिवस आधी सही केली असती तरी असिस्टंट सर्जनच्या बाबतीत ती फोल ठरली असती.

हे सगळं पत्रात लिहिलं. उत्तर नाही. दुसरं बिल आलं, मग वसुलीची धमकी. तेव्हा केंद्राच्या नो सरप्राइजेस हेल्प डेस्कला, १-८००-९८५-३०५९ वर तक्रार केली. फॉर्मची प्रत, ईओबी आणि पत्राची प्रत दिली. कायदा मोडणाऱ्या डॉक्टरला प्रत्येक उल्लंघनामागे १० हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीचा नंबर मिळाल्यावर तो घालून पुन्हा एक पत्र पाठवलं. आता समोरून फोन आला, दुसऱ्याच माणसाचा. 'कोडिंगमधली', म्हणजे बिलावर उपचारांचे कोड टाकण्यातली, चूक होती म्हणे. माझ्या धंद्यात ही नेहमीची पळवाट. घेऊ दिली.

राहिली अँब्युलन्स. इथे माझ्याकडे कायदा नव्हता. हवाई अँब्युलन्स कायद्यात आहे, रस्त्यावरची नाही. गावोगावच्या अग्निशमन दलांच्या, काउंट्यांच्या, खाजगी कंपन्यांच्या गाड्यांचे दर एका नियमात कसे बसवायचे हे अमेरिकी संसदेला, काँग्रेसला, सुटलं नाही, म्हणून एक सल्लागार समिती नेमून विषय पुढे ढकलला. समितीने शिफारशी केल्या, कायदा काही झाला नाही. आणि इमर्जन्सी अँब्युलन्सच्या निम्म्याच्या आसपास फेऱ्यांत नेटवर्कबाहेरचं बिल होण्याची शक्यता असते. टेक्ससने १ जानेवारी २०२४ पासून राज्यापुरतं संरक्षण दिलं होतं, पण कार्डावर ती तीन अक्षरं नसलेल्यांना त्याचा उपयोग नाही. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे विमानाने गेले असते तर बरं झालं असतं?" कायद्याच्या दृष्टीने, हो.

मागणी २,९०० ची, प्लॅनचा मंजूर दर ९००, प्लॅनने दिले ७२०. उरले २,१८०.

इथे सेल्फ-फंडेड असण्याचा उलटा फायदा घेतला. पैसे भाऊंच्या कंपनीचे, मग इन्शुरन्सच्या फोनवर तासन् तास संगीत ऐकण्यापेक्षा एचआरमधल्या बेनिफिट्स मॅनेजरला गाठणं बरं. भाऊंना संकोच वाटत होता. ऑफिसात घरचं दुखणं कशाला सांगायचं, असं. शेवटी वहिनींनीच ईमेल लिहून दिला: रात्री पेशंटला हलवायचा निर्णय डॉक्टरांचा होता, गाडी निवडायला आम्हाला वाव नव्हता, नेटवर्कमधली अँब्युलन्स उपलब्ध होती का ते प्लॅनने सांगावं. प्लॅनला ते सांगता आलं नाही. कंपनीने आणखी १,३०० द्यायला लावले. उरलेले ८८० भाऊंनी बिनव्याजी आठ हप्त्यांत, महिना ११० डॉलर, ठरवून घेतले. याहून चांगलं करता आलं असतं का? कदाचित. पण वहिनी थकल्या होत्या, आणि त्या थकव्यावरच या व्यवस्थेतला बराच पैसा निघतो.

एकूण घरातून गेले ६,०४०. कायदा नसता किंवा खोकं तसंच कपाटात राहिलं असतं, तर त्यावर इमर्जन्सी रूम, भूलतज्ज्ञ आणि असिस्टंट सर्जन यांच्या नुसत्या बॅलन्स बिलिंगचेच आणखी १७,५०० डॉलर.

आठव्या हप्त्याच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. असिस्टंट सर्जनच्या ऑफिसचं पाकीट आलं होतं आणि त्यांना ते फोडवत नव्हतं. मी म्हटलं, फोडा, मी लाइनवर आहे. कागदाचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही.

"ताई," त्या म्हणाल्या, "बाकी शून्य लिहिलंय. हे पत्र किती दिवस जपून ठेवायचं?"

सात वर्षं, मी सांगितलं. त्याच खोक्यात.